एप्रिलमधलं लंडन, आईची साडी आणि जॅकेटचा शोध

निघण्याआधी

आमच्याकडे परदेशी जायचं ठरलं की जॅकेट कुणी विकत घेत नाही, मागून आणतात. सोसायटीत एक काळं जाड पफर, म्हणजे पिसं भरलेलं फुगीर जॅकेट आहे, मूळचं वरच्या मजल्यावरच्या काकूंचं, त्यांनी स्वित्झर्लंडला जाताना घेतलेलं, नंतर ते तीन-चार घरांतल्या लोकांबरोबर जग फिरून आलंय. माझं आणि आईचं लंडन ठरल्यावर काकूंनी स्वतःहून आणून दिलं, इतक्या प्रेमानं की नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. आईकडे तिचा मनालीचा लोकरी कोट होताच, किरमिजी रंगाचा, मोठ्या बटणांचा, पंधरा वर्षं डांबरगोळ्यांत जपलेला.

खरं तर मला नवीन घ्यायचं होतं, पण एप्रिलमध्ये पुण्यात जॅकेट शोधून बघा एकदा. बाहेर चाळीस डिग्री, स्वेटरचा माल दिवाळीच्या सुमारास येतो आणि संक्रांत झाली की आत जातो, रेनकोट बाहेर लागतात ते मे संपता संपता, म्हणजे नेमका दोन्ही सीझनच्या मधला काळ. दोन दुकानं फिरले आणि सोडून दिलं.

लंडनचं हवामान मी बघून ठेवलं होतं, एप्रिलमध्ये दुपारी साधारण १४-१५ आणि पहाटे ६-७ डिग्री. आई म्हणाली पुण्यात डिसेंबरात पहाटे दहा होतंच की, त्यात काय एवढं. मलाही पटलं. म्हणून सगळं लक्ष उबेवरच राहिलं, जाड काय आहे, लोकर कशात आहे, थर्मल किती घ्यायचे. वाऱ्याचा विचार आम्ही दोघींनी एकदाही केला नाही आणि पावसाचा केला तो छत्रीपुरता. मी सह्याद्रीत जुलै-ऑगस्टला ट्रेकला घालते ते पातळ निळं विंडचीटर शेवटच्या क्षणी बॅगेत कोंबलं, असू दे, वजन काय आहे त्याचं, म्हणून.

दिवस पहिला, शनिवार

मुंबईहून दुपारची फ्लाइट, तिकडे उतरलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा आणि लख्ख ऊन. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात, त्यामुळे एप्रिलच्या मध्याला सूर्य आठच्या आसपास मावळतो. आईला ते फार आवडलं, एवढा प्रवास करून आलो तरी दिवस शिल्लकच आहे म्हणाली.

माझी मामेबहीण ईलिंगला राहते. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन पकडली की वीस मिनिटांच्या आत ईलिंग ब्रॉडवे येतं. आत छान गरम होतं, आई कोट मांडीवर घेऊन खिडकीतून बघत बसलेली. ईलिंगला प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला आणि वारं असं अंगावर आलं की आईचा पदर सरळ मागच्या माणसाच्या बॅगेवर जाऊन पडला. फोनमध्ये तापमान ११ होतं. अकरा डिग्री आम्हाला माहीत आहे हो, पण पुण्यातली अकरा डिग्री म्हणजे स्थिर हवा, धुकं, शेकोटीचा वास, आपण शाल घेऊन चहा पीत उभे असतो. इथली अकरा डिग्री चालून येते. बाहीतून शिरते, मानेवरून उतरते, आणि आपण आदल्या दिवशी चाळिसात होतो हे शरीर विसरलेलं नसतं.

ताईनं दारातच आईला मिठी मारली आणि दुसरं वाक्य, "आत्या, हा कोट तू इथं घालणार? हा भिजला तर दोन दिवस वाळणार नाही गं." आई म्हणाली, "भिजेल कशाला, छत्री आणलीय की." ताई काही बोलली नाही, गरम वरण-भात वाढला.

दिवस दुसरा, रविवार

सकाळी आकाश इतकं निळं की ताईच्या सूचनांचं काही वाटेना. नऊ डिग्री. आईनं हिरवी नारायणपेठ, आत थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर मनालीचा कोट. मी थर्मल आणि काकूंचं पफर. निघताना ताईनं माझं विंडचीटर हातात दिलं, "हे सॅकमध्ये टाक, वाद घालू नकोस."

ईलिंग ब्रॉडवेहून डिस्ट्रिक्ट लाइन थेट वेस्टमिन्स्टरला जाते. बाहेर पडलं की बिग बेन डोक्यावरच. आई कितीतरी वेळ मान वर करून बघत उभी राहिली. फोटोसाठी तिनं कोट काढला, कारण नारायणपेठ दिसायला हवी, ती त्यासाठीच आणलेली. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण जॅकेटबद्दल बोलताना लोक हे धरतच नाहीत. आपल्या बायका हौसेनं साडी नेसून एवढ्या लांब येतात आणि मग सात दिवसांच्या सगळ्या फोटोंत तेच एक काळं जॅकेट. म्हणजे जॅकेट पटकन काढता-घालता येणारं आणि काढल्यावर बॅगेत मावणारं हवं. कोट घडी होत नाही, तो धरून उभं राहायला एक माणूस लागतं, ते माणूस मी.

वेस्टमिन्स्टर ब्रिजवर वाऱ्यानं उभं राहू देईना. नदीवरून काही अडसर नसतो, सगळा वारा पुलावर मोकळा. फोनमध्ये १२, खाली फील्स लाइक ८. लोकरीच्या कोटातून वारा आरपार जातो हे आईला तिथं कळलं, विणीतून शिरतो तो, लोकर जाड असली तरी. आणि पूल उतरून दक्षिण काठाला आलो, इमारतींचा आडोसा मिळाला, ऊन मिळालं, तर दहा मिनिटांत मला पफरमध्ये घाम फुटला. शहरात फिरताना हेच होत राहतं. डोंगरावर गेलं की दिवसभर थंडीच असते, जाड जॅकेट चढवलं की विषय संपला. शहरात एका तासात पूल, गल्ली, ऊन, सावली, तापवलेलं दुकान, मेट्रो असं सगळं येतं, एकच जाड कपडा यातल्या एखाद्याच जागी बरोबर असतो आणि बाकी सगळीकडे ओझं.

पफर काढून हातावर घेतलं. ते एवढं फुगलेलं की एका हातावर लहान मूल घेऊन चालल्यासारखं. साउथ बँकवरून रमतगमत चालत होतो, जुन्या पुस्तकांचा बाजार बघितला, आणि मिलेनियम ब्रिजपाशी येईपर्यंत ऊन गेलं. कसलीही सूचना नाही. पाच मिनिटांत काळा ढग, मोठे थेंब, त्यात बारीक गारा. एप्रिलमधल्या या सरींचं कारण ताईनं रात्री सांगितलं, या दिवसांत ऊन चढायला लागलेलं असतं म्हणून जमीन तापते, पण वरची हवा अजून हिवाळ्यासारखी गार, मग खालची हवा झपाट्यानं वर जाते आणि छोटे छोटे ढग सर टाकून पुढं सरकतात. आपल्या वळवासारखंच म्हणा ना, फक्त गार. म्हणून दहा मिनिटं पाऊस आणि परत ऊन, दिवसातनं चार वेळा.

छत्री उघडली ती उलटी झाली. पुन्हा सरळ केली, काडी तुटली. मी विंडचीटर काढून आईला दिलं, कोटावर ते बसेना म्हणून कोट काढायला लावला, स्वेटरवर विंडचीटर चढवलं, कोट माझ्या हातात, पफर माझ्या अंगात, आणि आम्ही धावत टेट मॉडर्नमध्ये शिरलो. पूर्वीचं वीज केंद्र आहे ते, २००० साली तिथं कलादालन सुरू झालं, आत जायला पैसे नाहीत. बाकावर बसून हिशोब केला. कोट ओला होऊन दुप्पट जड झालेला आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. पफरचं वरचं कापड पाणी प्यायलं होतं आणि आतली पिसं खांद्यांवर गोळा होऊन बसली होती. पिसांची ऊब असते ती त्यांच्यात अडकलेल्या हवेची, पिसं भिजून चिकटली की हवा गेली आणि ऊबही गेली. आणि ज्याला मी कचऱ्यासारखं कोंबून आणलं होतं त्या पातळ विंडचीटरमध्ये आई वरून पूर्ण कोरडी. पण फक्त कमरेपर्यंत! ट्रेकचं जॅकेट आखूड असतं, त्याच्याखाली पदराचं टोक आणि निऱ्या चिंब. ओल्या निऱ्या पायांना चिकटून गार पडलेल्या, आई काही म्हणाली नाही पण पावलं एकावर एक ठेवून बसली होती, ते बघून मला फार वाईट वाटलं. पासष्ट पार केलेल्या आपल्या आईला एवढ्या लांब आणायचं आणि तिला नीट जॅकेटही नसावं.

परत येताना सेंट पॉल्सहून सेंट्रल लाइन पकडली, तीही थेट ईलिंगला येते. ही लाइन खोल आहे आणि गाड्यांना एसी नाही, एलिझाबेथ आणि डिस्ट्रिक्टला आहे. ओलं पफर घालून त्या डब्यात उभं राहणं नकोसं झालं. बाहेर नऊ डिग्री आणि आत सगळे लोक जॅकेट हातावर घेऊन. मी नीट बघितलं, अनुभवी लोकांची जॅकेटं हातावर घडी होऊन पडलेली, पातळ, अस्तर नसलेली.

दिवस तिसरा, सोमवार

हा दिवस बकिंगहॅम पॅलेसचा होता, तो रद्द करून जॅकेटचा केला. पॅलेस राहिला तो राहिलाच.

ताईची सुट्टी होती. ती म्हणाली आधी काय हवंय ते नक्की करू, नाहीतर दुकानात रंग बघून घेऊन येऊ. मग स्वयंपाकघरात बसून आम्ही तिघींनी ठरवलं. एक, ऊब जॅकेटकडून मागायची नाही, ती आतून द्यायची, थर्मल आणि पातळ स्वेटर, किंवा फ्लीस, म्हणजे मऊ ऊबदार कापडाचा थर. दोन, जॅकेटनं वारा आणि पाणी अडवायचं, बस्स. तीन, लांबी गुडघ्याच्या थोडी वर, म्हणजे पदर आत राहील आणि निऱ्यांचा वरचा भाग झाकला जाईल. चौथं आईनं सांगितलं, "चेन खालूनही उघडणारी हवी, नाहीतर साडीत बसताना आवळतं." दोन्ही बाजूंनी उघडणारी चेन असते बऱ्याच लांब जॅकेटांना, बसमध्ये बसताना खालून वीतभर उघडायची, साडी मोकळी. मला हे कधीच सुचलं नसतं.

ईलिंगच्या मेन रोडवर एका शोरूमच्या काचेत बेज रंगाचा ट्रेंच कोट होता, पट्टा वगैरे, आई तिथंच थबकली. सुंदर असतो तो, खोटं कशाला बोला. त्याचं कापड गॅबर्डिन, आणि गॅबर्डिन म्हटल्यावर आईला बाबांच्या पँटी आठवल्या, शिंप्याकडून शिवून घेतलेल्या. ते कापड याच देशातलं, थॉमस बर्बरी नावाच्या माणसानं १८७९ मध्ये काढलेलं, धाग्यालाच आधी पाणी न धरणारं करून मग घट्ट तिरकं विणायचं. पहिल्या महायुद्धात खंदकांत अधिकारी असे कोट घालत म्हणून नाव ट्रेंच. त्याच्या आधी पावसाचा कोट म्हणजे रबराचा, १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशनं दोन कापडांच्या मध्ये रबर भरून पेटंट घेतलं, इकडची जुनी माणसं रेनकोटला अजून मॅक म्हणतात. रबरातून पाणी आत येत नाही तसा घामही बाहेर जात नाही, आपल्या लहानपणीच्या शाळेच्या रेनकोटात आपण आतून भिजायचो तेच. गॅबर्डिनमधून हवा खेळते, हलकी सर झेपते. पण आत्ता बाजारात मिळणारे स्वस्त ट्रेंच बरेचसे नुसते कॉटन-पॉलिस्टरचे, दिसायला तसेच, पाऊस धरायला काही नाही. शिवाय समोर बटणं, चेन नाही, वारा मधून शिरणार. आईनं पट्ट्याला हात लावून बघितला आणि स्वतःच म्हणाली, फोटोपुरता आहे, चल.

नंतर एका आउटडोअर दुकानात गेलो. तिथं लेबलवर ५,०००, १०,०००, २०,००० असे आकडे. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर किती मिलिमीटर उंचीपर्यंत ते पाणी आत येऊ देत नाही, तो हा आकडा. शहरात चालायला, बसस्टॉपवर थांबायला पाच ते दहा हजार मला पुरेसं वाटतं, वीस हजाराचं डोंगरात दिवसभर सॅक पाठीवर दाबून चालणाऱ्याला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतून शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे का ते उलटं करून बघायचं. कापड कितीही भारी असू दे, सुईची भोकं उघडी असतील तर पाणी खांद्यावरूनच शिरतं. आणि वरच्या बाजूला जो पाणी घसरवणारा थर असतो तो. नवीन जॅकेटवर थेंब अळवाच्या पानावर राहतात तसे गोल होऊन पळतात. तो थर झिजला की कापड पाणी पितं, आत आलं नाही तरी जॅकेट जड आणि गार होतं. धुतल्यावर हलकी उष्णता दिली की बऱ्याचदा तो परत जागा होतो, लेबलवर चालत असेल तरच, आणि धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही.

किमती बघून आई गप्प झाली. शंभराच्या पुढं सगळं, म्हणजे पौंड, आणि आई प्रत्येक पौंडाचे रुपये करत होती. मग ताई म्हणाली, "आत्या, चॅरिटी शॉपमध्ये बघू या का?" ही दुकानं इथं प्रत्येक हायस्ट्रीटवर, म्हणजे बाजाराच्या मुख्य रस्त्यावर, लोक चांगले कपडे दान देतात, ते धुऊन-बघून विकतात, पैसा संस्थेला जातो. आईचा चेहरा पडला. कुणाचं वापरलेलं, कोण जाणे कुणाचं. मला तिचं म्हणणं कळत होतं, आमच्याकडे माणूस गेल्यावर कपडे देऊन टाकतात, ती शंका तिच्या मनात असणार. मी एवढंच म्हटलं, काकूंचं पफर किती जणांनी घातलंय ते आपण विचारलं का? तिनं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली बघू तर, बघायला काय.

चौथ्या दुकानात सापडलं. नेव्ही ब्लू, गुडघ्याच्या चार बोटं वर, चेन दोन्हीकडून उघडणारी, टोपीला मागून नाडी, शिवणींना पट्ट्या, मनगटाला आवळायचा पट्टा. १४ पौंड. टोपी मागून आवळता आली पाहिजे, नाहीतर मान वळवली की टोपी तिथंच राहते आणि डोळा झाकला जातो, रस्ता ओलांडताना ते धोक्याचं. दुकानातल्या आजींना विचारून बाहीवर पाण्याचे चार थेंब टाकले. थोडे पसरले, थोडे पळाले. ताई म्हणाली घरी ड्रायरमध्ये फिरवू. आईला स्वेटरवर घालून दोन्ही हात वर करायला लावले, मेट्रोत दांडा धरतो तसे, पाठ आवळत नाही ना, बाही कोपरापर्यंत चढत नाही ना. मग बसायला लावलं, खालची चेन उघडून. आजी कौतुकानं बघत होत्या, आईच्या साडीचा काठ त्यांनी हातात घेऊन बघितला. आईनं त्यांना काठाचं नाव सांगितलं, मराठीत.

घरी आल्यावर आईनं जॅकेट स्वतः धुतलं, मशीनमध्ये नको म्हणाली. लेबलवर ड्रायरची खूण होती, कमी आचेवर फिरवलं. संध्याकाळी बेसिनपाशी परत थेंब टाकून बघितले, पळाले.

दिवस चौथा, मंगळवार

क्यू गार्डन्स. ईलिंगहून ६५ नंबरची बस, वरच्या मजल्यावर पुढची सीट. चेरी फुललेली, काही झाडांखाली पाकळ्यांचा सडा, आई एका झाडाखालून हलायला तयार नाही.

इथं जॅकेटची वेगळीच परीक्षा झाली. पाम हाउस म्हणून लोखंड आणि काचेचं प्रचंड घर आहे, १८४४ ते ४८ मध्ये बांधलेलं, आत उष्ण प्रदेशातली झाडं आणि हवा अगदी कोकणातल्या मे महिन्याची. दारातून आत गेलं की चष्म्यावर वाफ. नारळ, केळी, फणसाची जातकुळी, आईला एकदम घरी आल्यासारखं झालं. १७७५ मध्ये आणलेलं एक सायकॅड, ताडासारखं दिसणारं झाड, अजून कुंडीत जगतंय तिथं. पण आत तीस पावलांत लोकांची जॅकेटं निघतात. आईनं चेन उघडली, जॅकेट काढलं, घडी करून माझ्या सॅकमध्ये, वरचा स्वेटर कमरेला. पुन्हा बाहेर आलो तेव्हा सर सुरू, पुन्हा जॅकेट. सकाळपासून पाच वेळा काढघाल झाली आणि तिनं एकदाही कुरकुर केली नाही, रविवारी कोट दोनदा काढून ती दमली होती.

दिवस पाचवा, बुधवार

हा दिवस आईचा होता, लंडन म्हटल्यावर तिनं पहिल्यांदा जे नाव घेतलं होतं ते १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना राहिले ते घर, महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये घेतलं. सेंट्रल लाइननं टॉटनहॅम कोर्ट रोड, तिथून नॉर्दर्न लाइननं चॉक फार्म, मग थोडं चालत. शांत रस्ता, दोन्ही बाजूंना सारखी घरं, आणि एका घराच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या नावाची तबकडी.

आईनं दाराबाहेरच जॅकेट काढलं. वारा होता, मी म्हटलं आत जाऊन काढ, तर म्हणाली नाही. आत ती पांढऱ्या साडीत हळूहळू एकेका खोलीत गेली, फोटोंसमोर हात जोडून उभी राहिली. आईचे वडील मिल कामगार होते, आईला त्यांनी मॅट्रिक केलं, ती पुढं शिक्षिका झाली. खिडकीपाशी उभी राहून ती म्हणाली, "इथं तर आत्ता एप्रिलात एवढं गार आहे, त्यांनी डिसेंबर-जानेवारी कसे काढले असतील, पैसे नसताना." मी काही बोलले नाही. लंडनमध्ये त्यांनी किती काटकसरीत दिवस काढले ते आम्ही लहानपणापासून घरात ऐकलेलं, पण ती थंडी हातावर घेऊन ऐकणं निराळं. बराच वेळ बसलो तिथं.

बाहेर पडल्यावर प्रिमरोज हिल चढलो, साठेक मीटरची टेकडी, पर्वतीपुढं काहीच नाही, पण वर उघडं गवत आणि सगळं लंडन समोर. तिथला वारा वेस्टमिन्स्टर ब्रिजच्या तोडीचा. आईनं चेन गळ्यापर्यंत ओढली, टोपी आवळली, मनगटाचे पट्टे बसवले आणि बाकावर अर्धा तास निवांत बसली. मी थर्मस उघडून चहा दिला. थंडी वाजतेय का विचारलं तर म्हणाली नाकाला तेवढी वाजते.

मी स्वतः सोमवारपासून ट्रेकच्या विंडचीटरमध्येच होते, आत फ्लीस. एक कमी मला त्यात जाणवली, बगलेत चेन नाही, त्यामुळे चढावर आतून ओलसर होतं. पुढचं घेईन ते बगलेत चेनवालं. आणि आतला खिसा हवाच. इथं रस्त्यावर हातातला फोन हिसकावून सायकलवरून पळतात, पासपोर्ट आणि फोन चेनच्या आत असले की डोकं शांत राहतं.

दिवस सहावा, गुरुवार

वेस्टमिन्स्टरहून बोटीनं ग्रिनिच, पाऊण तासाच्या आसपास. बोटीला मागं उघडा डेक आहे, आईला तिथंच बसायचं होतं. टॉवर ब्रिजखालून गेलो, त्याच्या पुढं बोट वेग घेते तेव्हा पाण्याचे तुषार येतात. ग्रिनिचला वेधशाळेची टेकडी, १६७५ पासूनची, शून्य रेखांशाच्या रेषेवर दोन्हीकडे पाय ठेवून आईचा फोटो, जॅकेट उघडं, आत पैठणी. दिवसभर पाऊस आलाच नाही, सतरा डिग्रीपर्यंत गेलं, जॅकेट सॅकमध्येच. मला वाटलं आज उगाच आणलं. आठ वाजता सूर्य गेला आणि अर्ध्या तासात असं गार पडलं की नदीकाठी बसलेली माणसं भराभर उठली. सॅकमधून दोन्ही जॅकेटं निघाली, आम्ही बसून राहिलो.

दिवस सातवा

परतीची फ्लाइट. मनालीचा कोट अजून काठाला दमट होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत टाकला. पफर ताईनं ड्रायरमध्ये स्वच्छ टेनिस बॉल टाकून फिरवून दिलं, त्यानं पिसं परत सुटी होतात, काकूंना द्यायच्या स्थितीत आलं. विमानात गार होतं तर आईनं जॅकेट पांघरलं आणि झोपली. मुंबईत बाहेर पडलो, अंगाला चिकटणारी हवा, तिनं ते घडी करून पर्सच्या मोठ्या कप्प्यात घातलं.

जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला त्या संध्याकाळी आई भाजी आणायला तेच घालून गेली, छत्री न घेता. आल्यावर दारात उभी राहून बाही पुढं केली, बघ, म्हणाली, अजून पळतायत थेंब.